पतसंस्थेतले विंडोज १०: ऑक्टोबर २०२६ च्या आधी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

तुमचा प्रश्न मला असा समजला. तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय, सहा शाखा, सगळे मिळून सत्तरेक संगणक आणि जवळपास सर्वांवर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. तेव्हा तुम्ही वर्षभराची वाढीव सुरक्षा अपडेट विकत घेतलीत. त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. पुरवठादाराने सत्तरच्या सत्तर संगणक नवे घेण्याचे कोटेशन दिले आहे. संचालक मंडळात दोन मते आहेत: सगळे बदलून टाका, किंवा आणखी एक वर्षाचे पैसे भरा आणि मग बघू.

मला दोन्ही मार्ग पटत नाहीत. सहकारी संस्थांमध्ये ही कामे मी बरीच वर्षे करतो आहे. विंडोज बदलणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग असतो. काम अडते ते पासबुक प्रिंटरपाशी, पिग्मी मशीनच्या केबलपाशी, डिजिटल सहीच्या टोकनपाशी आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहून दिलेल्या प्रोग्रामपाशी. त्यांची यादी हातात नसेल तर मंडळाने कोणतीही तारीख ठरवली तरी ती पाळली जाणार नाही, आणि कोणतेही बजेट पुरणार नाही.

आधी पैशाचे बोलू, कारण मंडळ तिथूनच सुरुवात करणार. संस्थांसाठी वाढीव अपडेटचा जाहीर दर पहिल्या वर्षी प्रति संगणक ६१ डॉलर होता. दुसऱ्या वर्षी तो १२२ होतो आणि तिसऱ्या वर्षी २४४. म्हणजे तीन वर्षांचे ४२७ डॉलर, रुपयांत पस्तीस हजारांहून जास्त. या पैशात मिळतात फक्त महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या. नवी सुविधा मिळत नाही आणि इतर बिघाडांसाठी मदतही नाही. शिवाय ही योजना मधूनच धरता येत नाही: पहिले वर्ष टाळून दुसऱ्या वर्षी आलात तर मागचे पैसेही भरावे लागतात. म्हणून सरसकट सत्तर संगणकांसाठी दुसरे वर्ष घेऊ नका. जे पाच-सात संगणक खरोखरच ऑक्टोबरपर्यंत हलवता येणार नाहीत, तेवढ्यांसाठीच घ्या. घरगुती ग्राहकांसाठी स्वस्तातली वेगळी योजना आहे, पण ती संस्थेच्या कामकाजासाठी नाही. एखाद्या शाखेत कुणी स्वतःच्या खात्यावरून ती सुरू करून ठेवली असेल तर तो संगणक यादीत वेगळा दाखवा.

आणि आजच एक गोष्ट तपासून घ्या. लायसन्स की विकत घेतली म्हणजे ती प्रत्येक संगणकावर चालू झालीच असे नाही. विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती नसेल तर ही अपडेट येतच नाहीत. प्रत्येक संगणकाची अपडेट नोंद उघडून शेवटचे सुरक्षा अपडेट कोणत्या महिन्याचे आहे ते लिहून काढा. पैसे भरूनही काही संगणक उघडे राहिले असतील तर ते इथेच कळेल.

एवढी घाई कशाला, असे मंडळात कुणीतरी विचारेल. त्यांना २०१७ सालची गोष्ट सांगा. विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्याकडे मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला. २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने मार्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे काम ठप्प केले. त्यात न्हावा शेव्याच्या बंदरातले त्याच समूहाचे कंटेनर टर्मिनलही होते. नॉटपेट्याची जास्त धोकादायक गोष्ट पुढे आहे. एका कच्च्या संगणकात शिरल्यावर तो त्यातले पासवर्ड उचलायचा आणि त्यांच्या जोरावर दुरुस्ती केलेल्या संगणकांतही घुसायचा. तुमच्या सहाही शाखांत ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकच असेल तर एका शाखेतला एक जुना संगणक ही त्या शाखेपुरती अडचण राहत नाही. तो पासवर्ड प्रत्येक संगणकावर वेगळा करा. त्यासाठी विंडोज ११ ची वाट पाहू नका.

आता यादी. संगणकांची यादी तुमच्या हार्डवेअरवाल्याकडे असेलच. मी म्हणतो आहे ती टेबलांची यादी. प्रत्येक टेबलाशेजारी एक माणूस बसवा. सकाळी कुलूप उघडल्यापासून डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद) होईपर्यंत कोणते प्रोग्राम उघडले, कोणती वायर कशाला जोडली आहे, कागद कुठे छापला आणि फाइल कुठे ठेवली, हे सगळे त्याने लिहावे. मग त्या टेबलावरच्या माणसाला विचारा, की महिन्यातून, तिमाहीतून, वर्षातून एकदाच काय उघडता? टीडीएसचे तिमाही विवरणपत्र भरायचे जावावर चालणारे साधन, लेखापरीक्षणाच्या वेळी लागणारा जुना खतावणीचा प्रोग्राम, लाभांश वाटपाची एक्सेल फाइल आणि तिच्यातले मॅक्रो. रोजचे प्रोग्राम कुणी विसरत नाही. राहून जातात ती हीच, आणि सापडतात ती ३१ मार्चला.

या यादीत माझी नजर आधी कुठे जाईल ते सांगतो.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही, ते फक्त ६४-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर जुने १६-बिट प्रोग्राम चालतच नाहीत. डॉससाठीच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला जुना कर्जखाते किंवा ठेवींचा प्रोग्राम आजही कुठल्यातरी शाखेत ३२-बिट विंडोज १० वर टिकून असतो. तो तिथे चालतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. असा प्रोग्राम विंडोज ११ वर सुरूच होणार नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ मधले प्रोग्राम मात्र ३२-बिट असल्याने सहसा चालतात, जरी त्या भाषेचा आधार २०१५ मध्येच संपला आहे. इथे एक खाचखळगा आहे: कधी प्रोग्राम ३२-बिट असतो, पण त्याचे सेटअप १६-बिट निघते. त्यामुळे जुन्या संगणकावर चालणारा प्रोग्राम नव्यावर बसवताच येत नाही. विकासकाला आत्ताच फोन करा. तो माणूस व्यवसायात नसेल तर त्या प्रोग्राममधला डेटा बाहेर काढणे हेच तुमचे पहिले काम, बाकी सगळे नंतर. जुनी खाती नुसती पाहण्यापुरती लागत असतील तर तो प्रोग्राम एका आभासी संगणकात, इंटरनेट तोडून ठेवता येतो.

पासबुक प्रिंटरसाठी ६४-बिट ड्रायव्हर आहे का ते पाहा, आणि चाचणी कोऱ्या कागदावर करू नका. खरे, अर्धे भरलेले पासबुक घाला. नव्या ड्रायव्हरबरोबर समास आणि ओळीतले अंतर थोडे जरी बदलले तरी नोंद आधीच्या ओळीवर छापली जाते, आणि सभासद ते पासबुक घेऊन सरळ व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये येतो. नव्या संगणकाला समांतर पोर्ट (जुन्या प्रिंटरची केबल लावायची जागा) नसतो. प्रोग्राम विंडोजच्या प्रिंटरवर छापत असेल तर यूएसबीची केबल पुरते. तो थेट त्या समांतर पोर्टवर (एलपीटी-१) लिहीत असेल तर पोर्टचे वेगळे कार्ड बसवावे लागते, आणि ते सगळ्या छोट्या आकाराच्या डेस्कटॉपमध्ये मावत नाही. संगणकाची ऑर्डर देण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

पिग्मी मशीनमधला संध्याकाळचा भरणा संगणकात घ्यायची केबल म्हणजे बहुतेक ठिकाणी यूएसबी-टू-सीरियल केबल. तिच्यात प्रोलिफिक कंपनीची पीएल-२३०३ मालिकेतली जुनी, बंद झालेली चिप असेल तर तिला विंडोज ११ वर ड्रायव्हरचा आधार नाही. नवी केबल काही शे रुपयांत मिळते. पण ती आधी घेतली नाही तर पहिल्याच संध्याकाळी सगळे पिग्मी एजंट काउंटरपाशी खोळंबतात, आणि गावात बोलले जाते की संस्थेचा संगणक बंद पडला. पतसंस्थेला ही अफवा परवडत नाही.

डिजिटल सहीचे टोकन (यूएसबीत लावायची किल्ली) नुसते ओळखले जाणे पुरेसे नाही. एकदा प्रत्यक्ष सही करून पाहा. कॉपी-प्रतिबंधक डोंगल (तशीच यूएसबीची किल्ली) असलेल्या सॉफ्टवेअरचे जुने ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी नावाच्या संरक्षणामुळे अडतात, आणि नव्या संगणकांवर ते संरक्षण सहसा चालूच असते. एखादा तंत्रज्ञ ते बंद करून मोकळा होईल. त्याला तसे करू देऊ नका. आधी विक्रेत्याकडे नवा ड्रायव्हर मागा.

वसुलीच्या नोटिसा आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाव्यांचे मराठी मसुदे जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर नोटीस उघडल्यावर अक्षरांचा गोंधळ दिसतो. तूर्त फॉन्टच्या फाइल सोबत न्या. पण याच निमित्ताने नेहमीचे दहा-बारा मसुदे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि उच्चाराधारित असे दोन्ही कळफलक आहेत. वीस वर्षे हे काम पुढे ढकलले गेले आहे आणि दर स्थलांतरात तेच आडवे येते.

विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यापुढची आवृत्ती नेटवर्कवरच्या फोल्डरांबाबत कडक आहे. पासवर्डशिवाय उघडणारा जुना नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेला फाइलसाठा) किंवा स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारे जुने झेरॉक्स मशीन अचानक चालेनासे होते, कारण प्रो आवृत्तीत सहीबंद जोडणी सक्तीची आहे आणि पाहुणा म्हणून प्रवेश बंद आहे. सक्ती काढून टाकण्याची युक्ती इंटरनेटवर सहज सापडते. ती वापरू नका. योग्य उपाय म्हणजे नॅसवर प्रत्येकाचे खाते उघडणे, आणि मशीन फारच जुने असेल तर स्कॅन ईमेलवर पाठवणे. एखादे सरकारी किंवा बँकेचे पोर्टल अजून इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल, तर विंडोज ११ मध्ये ते नाही. पण एज ब्राउझरमध्ये त्याची पद्धत चालू करता येते, आणि मायक्रोसॉफ्टने तिला निदान २०२९ पर्यंत आधाराचे आश्वासन दिले आहे.

हे झाल्यावरच संगणकांकडे वळा. तुम्हाला मिळालेले कोटेशन परत पाठवा आणि प्रत्येक संगणकाचे प्रोसेसर मॉडेल, रॅम, डिस्कचा प्रकार आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) स्थिती लिहून मागा. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझेन २००० मालिकेचा प्रोसेसर किंवा त्यानंतरचा लागतो. त्याबरोबर टीपीएम २.० (सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खोटे प्रोग्राम रोखणारी सोय) असलेले यूईएफआय (बायोसची नवी पद्धत), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. इंटेलची आठवी पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१९-२० नंतर घेतलेले तुमचे बरेच संगणक पात्र असावेत. ‘अपात्र’ असा शिक्का बसलेल्यांतही दोन प्रकार असतात. काहींत प्रोसेसरच जुना असतो, तिथे इलाज नाही. पण काहींत टीपीएम नुसते बायोसमध्ये बंद असते (इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने दिसते), किंवा विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने बसवलेले असते. अशा संगणकाची डिस्क एमबीआर-टू-जीपीटी या विंडोजमधल्याच साधनाने डेटा न पुसता बदलता येते. क्रम पाळा: आधी पूर्ण बॅकअप, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो स्थगित, मग त्या साधनाची तपासणी, मग बदल, आणि शेवटी बायोसमध्ये यूईएफआय. एवढ्याने काही संगणक ‘नवा घ्या’च्या यादीतून बाहेर येतील.

पात्र संगणकांतही जिथे फिरती हार्ड डिस्क आहे तिथे एसएसडी बसवल्याशिवाय विंडोज ११ टाकू नका. ४ जीबी ही कागदावरची किमान मर्यादा आहे. काउंटरवर ८ जीबीच्या खाली माणूस वैतागतो आणि रांग वाढते. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले आहेत, त्यामुळे कोटेशनची वैधता किती दिवस आहे ते पाहून मंडळाची सभा लावा. आणि घेताना प्रो आवृत्तीच घ्या. होम आवृत्तीचे संगणक डोमेनला (सर्व्हरवरून सगळे संगणक एकत्र सांभाळण्याच्या व्यवस्थेला) जोडता येत नाहीत. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे, तो खर्च याच ठरावात धरा.

अपात्र संगणकावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांत) बदल करून विंडोज ११ बसवून देतो असे सांगणारे भेटतील. बसते. पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि २४एच२ ने प्रोसेसरमधल्या काही सूचना सक्तीच्या करून फार जुने संगणक बाहेर काढलेच. स्वतःच्या घरच्या संगणकावर कुणी हे केले तर त्याची मर्जी. सभासदांच्या ठेवींचा हिशेब असलेल्या संगणकावर हे करू नये. तसेच विंडोज १० ची दीर्घ मुदतीची आयओटी एलटीएससी आवृत्ती २०३२ पर्यंत चालते म्हणून कुणी स्वस्तात लायसन्स की विकेल. ती आवृत्ती एटीएम, किऑस्क अशा एकाच कामाच्या यंत्रांसाठी असते आणि यंत्राबरोबर यंत्र बनवणाऱ्याकडून येते. तुमचे मुख्य सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल, तर ज्या टेबलावर फक्त शिल्लक पाहायची आणि अर्ज भरायचे असतात तिथे जुन्या संगणकावर उबुंटूसारखे लिनक्स हा खरा पर्याय आहे. पासबुक छापणाऱ्या टेबलावर मात्र चाचणीशिवाय नाही.

कोणती आवृत्ती बसवायची यात बरेच जण चुकतात. विंडोज ११ च्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी २४ महिनेच आधार मिळतो. २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला, म्हणजे तुमच्या विंडोज १० च्या दिवशीच संपते. म्हणून २५एच२ बसवा, ती १२ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. आणि दर वर्षी हे काम करणारा माणूस नावानिशी नेमा. बसवण्यापूर्वी ब्रँडेड संगणकांचे बायोस अद्ययावत करून घ्या. सिक्युअर बूटची २०११ सालची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात, पण जुन्या बायोसवर ती अडू शकतात.

आता वेळापत्रक. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना एटीएममधले विंडोज एक्सपी काढायला सांगितले तेव्हा टप्पे दिले होते: सप्टेंबर २०१८ पर्यंत निदान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५०, मार्च २०१९ पर्यंत ७५ आणि जूनपर्यंत सगळे. त्याआधी, ऑगस्टपर्यंत, बायोसला पासवर्ड आणि यूएसबी पोर्ट बंद. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, तुम्हाला ते परिपत्रक लागू नाही. पण क्रम शिकण्यासारखा आहे: आधी जुन्या यंत्रांचे रक्षण, मग टप्प्याटप्प्याने बदल.

तुमच्या कॅलेंडरमध्ये मोकळा काळ थोडाच आहे. मार्चमध्ये वसुली आणि वर्षअखेर, त्यानंतर लेखापरीक्षण, सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा, मध्ये गणपती, पुढे दसरा-दिवाळीच्या ठेव योजना. खरे काम मे ते ऑगस्टमध्येच होईल. मुख्य कार्यालयापासून सुरू करू नका. आधी प्रत्येक प्रकारच्या टेबलाचा एकेक संगणक बदला: कॅशियर, पासबुक, कर्ज, पिग्मी, लेखा, वसुली. त्यांना एक पूर्ण महिनाअखेर पार करू द्या. मग सर्वांत छोटी शाखा संपूर्ण बदला, मग उरलेल्या, आणि मुख्य कार्यालय शेवटी. प्रत्येक शाखेत एक जुना, चालता संगणक पुढच्या महिनाअखेरीपर्यंत तसाच ठेवा.

विंडोज ११ वर गेल्यावर मागे यायला मूळ मुदत १० दिवसांची असते. ती आज्ञा देऊन ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्याला बॅकअप समजू नका. डेस्कटॉपवर आणि डी ड्राइव्हमध्ये साठलेल्या फाइल त्या-त्या माणसासमोर बसून हलवा. बिटलॉकरची काळजी इथे सर्वांत जास्त घ्या. २४एच२ पासून नव्याने विंडोज बसवताना मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जाते. ते खाते एखाद्या कर्मचाऱ्याचे वैयक्तिक असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर एका बायोस अपडेटनंतर संगणक की मागेल आणि ती कुणाकडेच नसेल. संस्थेच्या खात्यानेच प्रवेश करा. प्रत्येक संगणकाची की छापून, सीलबंद पाकिटात, तिजोरीत ठेवा आणि रजिस्टरला नोंद घ्या.

काढलेल्या संगणकांत सभासदांचे आधार, पॅन आणि सह्यांचे स्कॅन असतात. डिस्क नीट पुसल्याशिवाय किंवा काढून घेतल्याशिवाय एकही संगणक दाराबाहेर जाऊ नये. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. भंगार नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याला द्या आणि पावती लेखापरीक्षकासाठी फाइलला लावा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या संगणकांची यादी मंडळापुढे ठेवा. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: तो का राहिला, कुणाच्या जबाबदारीवर राहिला आणि कोणत्या तारखेला जाणार. तेवढ्यांचेच दुसऱ्या वर्षाचे पैसे भरा. त्यांचे इंटरनेट आणि ईमेल बंद करा, यूएसबी पोर्ट बंद करा आणि त्यांना वेगळ्या स्विचवर किंवा व्हीलॅनवर (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) टाका, म्हणजे मुख्य सर्व्हरकडे त्यांना लागणारा एकच मार्ग उघडा राहील. ज्या संगणकासमोर कारण लिहिता येत नाही, तो ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी बंद करा.